विजेच्या मोटरीची नाडीपरीक्षा

वऱ्हाड हा कापसाचा प्रांत आहे, हें येथील लहान मुलासही सांगावें लागत नाहीं. दिवाळी सरली कीं अकोला, अमरावती, खामगांव, मूर्तिजापूर यांच्या वाटांवर कापसाच्या गाड्या दिसूं लागतात आणि जिनांतून रुई व सरकी वेगळी होऊं लागते. घरोघर हाताच्या रेच्यानें सरकी काढण्याचे दिवस केव्हांच गेले. त्यांच्यामागून वाफेच्या इंजिनाचे दिवस आले. एका इंजिनाच्या लांब दांड्यावरून चामड्याच्या पट्ट्यांनीं साऱ्या जिनांतील यंत्रें फिरूं लागलीं. तेंही युग सरलें. आतां यंत्रागणिक विजेची स्वतंत्र मोटर असते. वरूड-मोर्शीकडील संत्र्यांच्या बागांना पाणी पाजणारा पंप घ्या, गांवची पिठाची गिरणी घ्या, कीं तेलाची घाणी घ्या. सर्वांच्या मुळाशीं मोटरच आहे.

ही वीज कोठून येते, तेंही आपल्या डोळ्यांसमोर आहे. अकोला जिल्ह्यांत पारस येथें प्रत्येकीं २५० मेगावॅटचे दोन संच २००७ ते २०१० या काळांत कार्यान्वित झाले; अमरावतीजवळ नांदगांव पेठ येथें १३५० मेगावॅटचें केंद्र उभें राहिलें. कोळसा जाळून मोठ्या कष्टानें निर्माण केलेल्या या शक्तीचा मोठा वाटा मोटरीच खातात. साऱ्या जगांत निर्माण होणाऱ्या विजेपैकीं सुमारें निम्मी वीज मोटरींत खर्च होते. तेव्हां मोटरीनें शंभर भागांतील दोनचार भाग जरी वांचविले, तरी ती बचत लहान नव्हे. अशी बचत करणारी एक मोटर अलीकडे पुढें आली आहे. तिला समकालिक रिलक्टन्स मोटर असें म्हणतात. ती कशी चालते, आणि तिला ताब्यांत ठेवण्यासाठीं तिच्या अंगचे विद्युत्-गुण कसे मोजतात, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम नेहमींच्या मोटरीकडे पाहूं. मोटरीचे मुख्य भाग दोन. बाहेरचा स्थिर भाग तो स्टेटर, व आंतला फिरणारा भाग तो रोटर. स्टेटरच्या खांचांत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं बसविलेलीं असतात. तीन तारांतून येणारी वीज या वेटोळ्यांत शिरली म्हणजे एक चुंबकक्षेत्र निर्माण होतें, आणि तें स्टेटरच्या पोकळींत गोल फिरत राहतें. निकोला टेस्ला यांनीं १८८८ सालीं या तत्त्वावरील मोटरीचें पेटंट मिळविलें. अशा मोटरींत फिरतें क्षेत्र रोटरमधील सळयांत वीज उत्पन्न करतें, आणि त्या विजेच्या योगें रोटर क्षेत्रामागें धांवतो. परंतु तो क्षेत्राला कधींच गांठूं शकत नाहीं. क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे करीत असेल, तर रोटर १४४० च्या आसपास फेरे करतो. रोटरच्या सळयांत खेळणारी वीज उष्णतेच्या रूपानें वायां जाते. ही मोटर साधी, दणकट व स्वस्त आहे, म्हणूनच शेतांत आणि जिनांत आजही तिचेंच राज्य आहे. पण तिच्या पोटांतील हा अपव्यय टळत नाहीं.

आतां दुसरा मार्ग पाहा. लोखंडाचा एक लांबट तुकडा मधोमध दोऱ्यानें टांगा आणि त्याच्याजवळ चुंबक आणा. तुकडा वळतो आणि आपली लांबी चुंबकाच्या दिशेला लावून स्थिर होतो. कारण चुंबकरेषांना लोखंडांतून जाणें सोपें व हवेंतून जाणें कठीण असतें. हवेचा हा जो अडथळा, त्याला इंग्रजींत रिलक्टन्स म्हणतात. आपण त्याला चुंबकीय विरोध म्हणूं. चुंबकरेषांना कमींत कमी विरोधाची वाट मिळावी अशा रीतीनें लोखंड स्वतःला वळवून घेतें. चुंबक गोल फिरविला तर तुकडाही त्याच्याबरोबर फिरेल, आणि तोही अगदीं त्याच गतीनें. समकालिक रिलक्टन्स मोटरीचें सारें रहस्य एवढेंच आहे. तिच्या रोटरमध्यें तांबें नाहीं, ॲल्युमिनियमच्या सळया नाहींत, कायमचे चुंबकही नाहींत. पोलादाच्या पातळ चकत्या एकावर एक रचून त्यांत कमानीच्या आकाराच्या फटी पाडलेल्या असतात. या फटींमुळें एका दिशेनें चुंबकरेषा सहज जातात आणि दुसऱ्या दिशेनें त्यांना फटीमागून फटी ओलांडाव्या लागतात. पहिल्या दिशेला शास्त्रज्ञ डी-अक्ष म्हणतात व दुसरीला क्यू-अक्ष. आपण त्यांना सुगम अक्ष व दुर्गम अक्ष म्हणूं.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंत कोस्टको यांनीं १९२३ सालींच अशा रोटरचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. पुढें १९२९ सालीं पार्क यांनीं फिरत्या यंत्रांचें गणित या दोन अक्षांवर मांडण्याची सुलभ पद्धति दिली. तरीही ही मोटर अनेक दशकें मागेंच राहिली, कारण तिला सरळ तारेच्या विजेवर चालू करतां येत नाहीं. क्षेत्र एकदम वेगानें फिरूं लागतें आणि जड रोटर जागच्या जागीं थरथरत राहतो. तिला सावकाश चालना देऊन, हात धरून वेगावर आणणारें उपकरण लागतें. तें उपकरण म्हणजे इन्व्हर्टर. कारखान्यांत त्याला ड्राइव्ह म्हणतात. तें विजेचा दाब व आवर्तनें हवीं तशीं बदलून देतें. अर्धवाहक पदार्थांचीं वेगवान बटनें आणि क्षणांत हिशेब करणारीं सूक्ष्म गणकयंत्रें स्वस्त झालीं, तेव्हां ही जुनी मोटर पुन्हां बाजारांत आली. २०११ च्या सुमारास मोठ्या कारखानदारांनीं ती विक्रीस ठेवली. कायम चुंबकांच्या मोटरीही उत्तम असतात, परंतु त्यांतील दुर्मिळ धातूंसाठीं जगाला बहुतांशीं चीनकडे पाहावें लागतें. २०२५ सालीं चीननें त्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हां आपल्या देशांतील वाहन-कारखान्यांनाही त्याची झळ लागली. केवळ पोलाद व तांबें यांवर चालणाऱ्या मोटरीचें महत्त्व यावरून ध्यानांत येईल. तिचा एक उणेपणाही सांगितला पाहिजे: तेवढ्याच कामासाठीं ती तारेंतून कांहींसा अधिक प्रवाह ओढते, म्हणून तिचा ड्राइव्ह थोडा मोठा घ्यावा लागतो.

आतां मुख्य विषयाकडे येऊं. ड्राइव्ह हा जणूं मोटरीचा सारथि आहे. सारथ्याला आपल्या घोड्याचा स्वभाव ठाऊक नसेल, तर रथ खड्ड्यांत जावयाचा. मोटरीचा स्वभाव तीन राशींत सांगतां येतो. पहिली, वेटोळ्याचा विद्युत्-रोध. दुसरी, सुगम अक्षावरील प्रवर्तकता. तिसरी, दुर्गम अक्षावरील प्रवर्तकता. वेटोळ्यांतून एक अँपिअर प्रवाह वाहिला असतां त्याच्याशीं किती चुंबकरेषा गुंफल्या जातात, त्याचें माप म्हणजे प्रवर्तकता; ती हेन्रीमध्यें मोजतात. गुंफलेल्या रेषांच्या एकूण मापाला अभिवाह म्हणतात व तो वेबरमध्यें मोजतात. मोटरीचा घुमवणारा जोर, म्हणजे परिबल, हा या दोन प्रवर्तकतांच्या वजाबाकीवर अवलंबून असतो. चार ध्रुवांच्या मोटरीचें सूत्र असें: दोन प्रवर्तकतांमधील फरक घ्यावा, त्याला सुगम अक्षावरील प्रवाहानें व दुर्गम अक्षावरील प्रवाहानें गुणावें, आणि आलेल्या संख्येची तिप्पट करावी. प्रवाह त्यांच्या कमाल मूल्यांत धरले म्हणजे उत्तर न्यूटन-मीटरमध्यें येतें.

रोध मोजणें सर्वांत सोपें. मोटरीच्या तीन टोकांपैकीं दोहोंना बॅटरी जोडावी आणि दाबाला प्रवाहानें भागावें. १२ व्होल्टला ६ अँपिअर प्रवाह आला, तर दोन वेटोळ्यांचा मिळून रोध २ ओहम झाला. अर्थात् ताराजोडणींत एकेका वेटोळ्याचा १ ओहम. पण येथेंच एक मेख आहे. तांबें तापलें कीं त्याचा रोध वाढतो. तापमानांत २३४.५ मिळवावे; येणाऱ्या संख्येच्या प्रमाणांत तांब्याचा रोध बदलतो, असा नियम आहे. २५ अंशांवर १ ओहम असलेलें वेटोळें ९५ अंशांवर गेलें, तर ३२९.५ ला २५९.५ नें भागून १.२७ ओहम येतात. अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. तेथें पत्र्याच्या छपराखालीं दिवसभर चालणाऱ्या मोटरीचें तांबें एवढें तापणें मुळींच अशक्य नाहीं. हा ०.२७ ओहमचा फरक १० अँपिअर प्रवाहावर २.७ व्होल्टची चूक करतो. मोटर पूर्ण वेगांत असतां दाब २३० व्होल्ट असतो, तेव्हां ही चूक शेंकडा एकाच्या आसपास, म्हणजे क्षुल्लक आहे. परंतु मोटर सावकाश फिरत असतां दाब केवळ १५ व्होल्ट असेल, तर तीच चूक शेंकडा १८ होते. हिंवाळ्याच्या सकाळीं एकदां मोजलेला रोध वैशाखाच्या दुपारीं सावकाश चालणाऱ्या मोटरीला लागू करूं नये, तो याकरितां.

आतां प्रवर्तकता. दोन टोकांना ५० आवर्तनांची हलक्या दाबाची वीज द्यावी आणि रोटर हातानें हळूहळू फिरवीत अँपिअरमापकाकडे पाहावें. कांटा खालींवर होतो. सुगम अक्ष वेटोळ्यासमोर आला कीं प्रवाह अगदीं कमी होतो, आणि दुर्गम अक्ष समोर आला कीं तो सर्वांत अधिक होतो. समजा, दाब ५० व्होल्ट आहे. प्रवाह एकदां ०.५ व एकदां २ अँपिअर दिसला. पहिल्या स्थितींत एकूण विरोध १०० ओहम, दुसरींत २५ ओहम. यांतून २ ओहमचा साधा रोध वर्गाच्या रीतीनें वजा करून, बाकीला आवर्तनांच्या ६.२८ पटीनें, म्हणजे ३१४ नें भागावें, आणि दोन वेटोळीं असल्यानें निम्मे करावें. उत्तरें सुमारें ०.१६ हेन्री व ०.०४ हेन्री येतात. एक दुसरीच्या चौपट आहे. हेंच या रोटरचें सामर्थ्य.

एवढ्यानें काम संपलें असें वाटेल, पण खरी अडचण येथून पुढें आहे. पोलाद हें स्पंजासारखें आहे. स्पंज थोडें पाणी झटकन् पितो. भरत आला म्हणजे अधिक पीत नाहीं. तसेंच प्रवाह वाढवीत नेला म्हणजे पोलाद चुंबकरेषांनीं भरत जातें आणि प्रवर्तकता घटत जाते. उदाहरणादाखल आपल्या कल्पित मोटरीचे आंकडे घेऊं. सुगम अक्षावर १ अँपिअरला अभिवाह ०.१६ वेबर, ३ अँपिअरला ०.४४, ५ अँपिअरला ०.६५, आणि ७ अँपिअरला ०.७४. भागाकार केला तर प्रवर्तकता ०.१६ वरून सुमारें ०.१५, मग ०.१३, आणि शेवटीं ०.१०६ वर उतरते.

याचा परिणाम काय होतो पाहा. ड्राइव्हला केवळ पहिलीं मापें दिलीं आहेत असें समजा. प्रवर्तकता कायम धरली तर दोन्ही अक्षांवर सारखा प्रवाह ठेवणें सर्वांत फायद्याचें, असें गणित सांगतें. म्हणून ड्राइव्ह दोन्हींवर ७ अँपिअर ठेवतो आणि हिशेब करतो: ०.१२ गुणिलें ४९, त्याची तिप्पट, म्हणजे १७.६ न्यूटन-मीटर जोर. प्रत्यक्षांत मात्र फरक ०.०६६ च उरलेला असतो आणि जोर ९.७ च मिळतो. कागदावर सतरा, कामावर दहासुद्धां नाहीं! जिनांत ओला कापूस अडकला, किंवा खोल बोअरमधून पाणी ओढतांना भार वाढला, तर रोटर क्षेत्राची साथ सोडतो व मोटर थांबते. ज्याला पोलादाचें खरें माप ठाऊक आहे तो सुगम अक्षावर ५ व दुर्गम अक्षावर ८.५ अँपिअर ठेवील. एकूण प्रवाह पूर्वीपेक्षां किंचित् कमीच आहे. पण जोर ०.०९ गुणिलें ४२.५, त्याची तिप्पट, म्हणजे सुमारें ११.५ न्यूटन-मीटर येतो. मोटर तीच, प्रवाहही जवळजवळ तेवढाच. पण माप खरें असल्यानें शेंकडा अठरांहून अधिक लाभ झाला. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते. मात्र अंथरूण आधीं मोजावें लागतें.

मग हें भरलेलें पोलाद मोजावें कसें? त्यासाठीं ड्राइव्ह स्वतःच परीक्षा घेतो. वेटोळ्याला एकदम ठराविक दाब द्यावयाचा आणि प्रवाह कसा चढतो तें क्षणाक्षणाला टिपावयाचें. हौदांत नळानें पाणी सोडलें आहे आणि तळाला एक भोंक आहे, असें समजा. नळाच्या धारेंतून गळती वजा करून वेळेनें गुणलें, म्हणजे हौदांत किती पाणी सांठलें तें कळतें. येथें दाब ही धार, रोधांत खर्च होणारा दाब ही गळती, आणि सांठा म्हणजे अभिवाह. गळतीचें माप चुकलें तर सांठ्याचेंही चुकणार. म्हणून रोध आधीं नीट मोजावयाचा. सुगम अक्षावर ही परीक्षा घेतांना रोटर आपोआप स्थिर राहतो, कारण ती त्याची विसांव्याची जागा आहे. दुर्गम अक्षावर मात्र तो संधि मिळतांच वळूं पाहतो. म्हणून त्याला घट्ट धरावें लागतें, किंवा दाबाचे ठोके इतके आंखूड द्यावे लागतात कीं जड रोटरला हलण्यास सवड मिळूं नये. शेवटीं दोन्ही अक्षांवर एकाच वेळीं प्रवाह सोडूनही परीक्षा करावी लागते. कारण पोलाद एकच आहे, आणि एका अक्षाच्या रेषांनीं व्यापलेली जागा दुसऱ्याला पुरी मिळत नाहीं. अशा रीतीनें प्रवाहांच्या प्रत्येक जोडीला अभिवाह किती, याचा एक तक्ता तयार होतो. तोच सारथ्याचा नकाशा.

मापणाऱ्याचें मापही तपासलें पाहिजे. ड्राइव्ह ज्या बटनांनीं दाब तयार करतो, त्यांतील वरचें व खालचें बटन एकाच वेळीं चालू राहिलें तर वीज आडवी धांवून सर्व जळून जाईल. म्हणून दोहोंच्या मध्यें क्षणभर विसांवा ठेवतात. ५६० व्होल्टच्या ड्राइव्हमध्यें हा विसांवा सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकीं दोन भागांचा असेल आणि बटनें सेकंदाला १०,००० वेळां चालत असतील, तर दाबांत सुमारें ११ व्होल्टची तूट पडते. मागितलेला दाब खरा मानून १ ओहमचें वेटोळें मोजलें, तर ८ अँपिअरसाठीं १९ व्होल्ट मागावे लागतात व रोध २.४ ओहम दिसतो! यावर युक्ति सोपी आहे. ४ अँपिअरला १५ व्होल्ट लागले व ८ अँपिअरला १९. तर वाढलेल्या ४ व्होल्टना वाढलेल्या ४ अँपिअरनीं भागा. १ ओहम हें खरें उत्तर येतें, कारण तूट दोन्ही वेळां सारखीच असल्यानें वजाबाकींत नाहींशी होते. प्रवाहमापकाचा कांटाही प्रवाह नसतां शून्यावर आहे ना, हें प्रत्येक परीक्षेपूर्वीं पाहावें.

एक गोष्ट पालकांनीं, विशेषतः शेती व कारखाने चालविणाऱ्यांनीं, ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मोटर जळली कीं ती वाइंडिंग करणाऱ्या कारागिराकडे जाते. आपल्याकडील हे कारागीर हाताचे मोठे कसबी असतात. पण तार जरा बारीक घातली गेली तर रोध बदलतो. वेढे ५० च्या जागीं ४५ झाले, तर प्रवर्तकता वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत उतरून १०० ची ८१ होते. साध्या मोटरीला हें बरेंच खपतें. ड्राइव्हवर चालणाऱ्या या मोटरीला मात्र खपत नाहीं. जुना तक्ता नव्या वेटोळ्याला लावला तर ती थांबेल, तापेल, किंवा मुकाट्यानें वीज जास्त खात राहील. म्हणून वाइंडिंग झाल्यावर ड्राइव्हकडून मोटरीची परीक्षा पुन्हां करवून घ्यावी. हंगामाच्या ऐन भरांत बंद पडलेल्या जिनाचें किंवा बहर धरलेल्या बागेचें नुकसान भरून निघत नाहीं. ही परीक्षा मात्र थोडक्या वेळांत उरकते.

विद्यार्थिमित्रांनो, यांतील मुख्य तत्त्वें शाळेच्या प्रयोगशाळेंतही पडताळून पाहतां येतील. लाखेचा लेप दिलेल्या बारीक तांब्याच्या तारेचें पुष्कळ वेढ्यांचें वेटोळें करा व त्याचा रोध मोजा. मग तें प्लास्टिकच्या पिशवींत घालून गरम पाण्यांत ठेवा व पुन्हां मोजा. पाणी २५ अंशांवरून ७५ वर नेलें असेल, तर रोध शेंकडा १९ च्या आसपास वाढलेला दिसेल. नंतर त्याच वेटोळ्याला शिक्षकांच्या देखरेखीखालीं लहान ट्रान्सफॉर्मरची ६ व्होल्टची वीज द्या व पोकळींत लोखंडी सळई हळूहळू सरकवा. अँपिअरमापकाचा कांटा उतरत जाईल. घरांतील विजेच्या भिंतीवरील खोबणीला मात्र या प्रयोगासाठीं कधींही हात लावूं नका.

अमरावतीचें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ सालीं निघालें. शेगांव व बडनेरा येथेंही तशा संस्था आहेत. तुमच्यापैकीं कित्येक पुढें तेथें शिकावयास जातील, आणि कित्येक वडिलांचें शेत किंवा दुकान संभाळतील. दोघांनाही मोटर भेटणारच आहे. अंदाजानें काम भागतें, असें पुष्कळांस वाटतें. आणि भार हलका असेपर्यंत तें भागतेंही. भार पडला म्हणजेच खरें माप व अंदाज यांतील अंतर उघड होतें. तेव्हां रोध व प्रवर्तकता मोजावयास शिका, मापक शून्यावर आहे ना हें आधीं पाहा, आणि जें मोजलें तें कोणत्या तापमानाला व किती प्रवाहावर मोजलें, हेंही शेजारीं लिहून ठेवा. तेवढी नोंद वहींत असली, तर तुमच्यामागून त्या मोटरीला हात लावणारा माणूस तुमचे आभार मानील.